ऐतिहासिक नाटकातील भाषा : ‘टेन्शन’ एकवेळ चालेल, पण ‘जोहार’ पुसू नका

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखले जाते. गावात तानाजींची आणि शेलारमामांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह मढे घाटाने खाली उतरवून येथे आणला, अशी या भागातील परंपरा सांगते. आमची बौद्धवाडी याच पट्ट्यातली. नोकरीमुळे आम्ही मुंबईकर झालो खरे, पण माघ महिन्यात गावी जाणे झाले की समाधीपाशी जाऊन येतो.

अशाच एका फेरीत जवळच्या वाडीतील शाळकरी मुलांचे नाटक पाहण्याचा योग आला. प्रसंग नेहमीचाच. मुलाच्या लग्नाची अक्षत घेऊन तानाजी राजांकडे येतात आणि कोंढाण्याची मोहीम अंगावर घेतात. तानाजीचे काम करणारा सातवीतला मुलगा ऐन वेळी वाक्य विसरला. क्षणभर गोंधळला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “महाराज, तुम्ही टेन्शन घेऊ नका. गड आपलाच आहे!”

मंडपात एकच हशा पिकला. आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले होते, त्यांना मात्र राग आला. “इतिहासाची चेष्टा चालवली आहे,” असे म्हणून ते उठू लागले. मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, “गुरुजी, बसा हो. पोर घाबरलं होतं. पण अर्थ तर बरोबर सांगितला ना त्यानं?” त्यावरून दोघांची जुंपली ती नाटक संपेपर्यंत.

वाचकहो, त्या दिवशी कोणाची बाजू घ्यावी ते आम्हास कळेना. पुढे आमच्याच वाडीच्या नाटकात असा प्रसंग आला की या प्रश्नाचा निकाल आम्हास लावावाच लागला. तो अनुभव पुढे सांगतो. आधी जुन्या भाषेचे थोडे पाहू.

जुनी भाषा कोणती?

नाटक-सिनेमात राजे, सरदार ज्या भारदस्त मराठीत बोलतात, तीच शिवकाळातील मराठी होती असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे नाही. त्या काळची पत्रे पाहिली तर त्यांत फारसी-अरबी शब्दांची गर्दी दिसते. हुकूम, तारीख, फौज, हवालदार, सुभेदार, मेहेरबान, कागद, दरवाजा हे सारे तिकडूनच आलेले. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ साली राजांनी पत्र पाठवले. कुणब्याला बैल नसेल तर बैल द्या, खायला नसेल तर धान्य द्या, अशी ताकीद त्यात आहे. त्या पत्रात राजांचा उल्लेख ‘साहेब’ असा येतो. आज एखाद्या नाटकात मावळा राजांना ‘साहेब’ म्हणाला तर प्रेक्षक म्हणतील, हा इंग्रजांच्या कचेरीतला शब्द येथे कसा? म्हणजे अस्सल जुना शब्द आपल्या कानाला नवा वाटतो, आणि पुढच्या लेखकांनी घडवलेली भाषा जुनी वाटते.

आपल्या दरबारात फारसी शब्द फार झाले हे राजांच्याही लक्षात आले होते. म्हणूनच रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशवा, मुजुमदार, डबीर यांच्या जागी मुख्य प्रधान, अमात्य, सुमंत ही पदनामे याच काळात आली. म्हणजे भाषा तेव्हाही बदलत होती, आणि राजे स्वतः ती बदलत होते.

खुद्द तानाजींच्या कथेचेच पाहा. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर या लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली गेली. तानाजी पडल्याचे ऐकून राजांनी जे उद्गार काढले असे सभासद सांगतात, त्यात सिंह नाही. एक गड मिळाला पण दुसरा गमावला, एवढाच त्याचा आशय आहे. आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेले ‘गड आला पण सिंह गेला’ हे हरी नारायण आपटे यांच्या कादंबरीचे नाव आहे, आणि ती कादंबरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तानाजींच्या बलिदानावरून गडाला सिंहगड नाव पडले असेही आपण शिकलो. परंतु १६६३ सालच्या पत्रातच सिंहगड हे नाव आढळते. मुलाचे लग्न मागे आणि गडाचे लग्न आधी, हा संवाद आणि घोरपडीची हकीकत पोवाड्यांनी घराघरांत पोचवली.

याचा अर्थ शाहीर आणि लेखक खोटे होते असा मुळीच नाही. त्यांनी आपापल्या काळातील लोकांना समजेल, त्यांच्या काळजाला भिडेल अशा भाषेत ती गोष्ट सांगितली. याच कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला तेव्हा तो मूकपट होता, त्यात संवाद ऐकूच येत नव्हते. १९३३ साली व्ही. शांताराम यांच्या ‘सिंहगड’मध्ये तानाजी पडद्यावर बोलू लागले. पुढे २०२० साली ‘तान्हाजी’ हिंदीत बोलले आणि २०२३ साली ‘सुभेदार’मध्ये पुन्हा मराठीत. प्रत्येक वेळी तानाजी त्या त्या काळची भाषा बोलले आहेत. मग सातवीतल्या पोराने आपल्या काळचा एक शब्द वापरला तर त्याला एकट्याला दोषी का धरावे?

सोपी भाषा ही तर आपलीच परंपरा

इंग्रजांचा थोर नाटककार शेक्सपिअर. त्याच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकात रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. सीझरच्या काळी टोल्यांचे घड्याळ नव्हते. तरी चारशे वर्षे ते नाटक चालले आहे. टोल्यांच्या चुकीने सीझरच्या खुनाची गोष्ट खोटी होत नाही.

आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात गरीब कुणबी आणि त्याची बायको आपल्या रोजच्या बोलीत बोलतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. पुढे १८६९ साली जोतीरावांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. आपण मोठाले संस्कृत शब्द टाळून कुणबी, माळी, महार, मांग यांना समजेल असे लिहिले आहे, असे त्यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितले. भीमराव कर्डक आणि इतर जलसाकारांनी हाच वसा घेतला. बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत पोचली ती लोकांच्या बोलीतून.

अलीकडचे उदाहरण ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाचे. २०१२ साली ते रंगभूमीवर आले. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि कलावंत जालन्याकडचे. यम राजांना न्यायला येतो आणि राजांची पगडी कोणाच्या डोक्यावर बसते याचा शोध सुरू होतो, अशी ती कल्पना. त्यातील माणसे अगदी आजची मराठवाडी भाषा बोलतात. त्यामुळे राजांचा अपमान झाला असे प्रेक्षकांना वाटले नाही. उलट, रयतेचा राजा आपल्यात येऊन बसला असे वाटले.

तेव्हा भाषा आजची आहे एवढ्यावरून नाटक खोटे ठरत नाही, हे आमचे पहिले म्हणणे. परंतु आजची भाषा कधी खोटे बोलू लागते, हेही पाहिले पाहिजे.

शब्द नवा, की विचार नवा?

२०२० च्या ‘तान्हाजी’च्या जाहिरातीत कोंढाण्याच्या चढाईला ‘सर्जिकल स्ट्राइक’ म्हटले होते. आता ‘टेन्शन’ आणि ‘सर्जिकल स्ट्राइक’ हे दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्ही आजचे. पण दोहोंत फरक आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे ‘चिंता करू नका’. सतराव्या शतकातील माणूसही हे म्हणालाच असता, फक्त शब्द वेगळा असता. ‘सर्जिकल स्ट्राइक’ म्हटले की मात्र आजचे राजकारण, आजच्या सीमा, आजचे शत्रू-मित्र सारे त्या शब्दाला चिकटून येते आणि १६७० सालच्या माणसांच्या अंगावर चढवले जाते. उदयभान हा मोगलांचा किल्लेदार राजपूत होता, तानाजी मराठा होते. त्या लढाईचा हिशेब आजच्या फूटपट्टीने मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट मावळ्यांची. पुष्कळ नाटकांत राजे आणि सरदार शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात आणि मावळे मात्र हशा पिकवण्यापुरते गावरान बोलतात. म्हणजे गावची बोली ही विनोदासाठीच असते असे आपली मुले शिकतात. आणि गडाच्या घेऱ्यातील मेटांवर जे महार, मांग, रामोशी, कोळी रात्रंदिवस पहारा करीत, ते बहुतेक नाटकांत दिसतच नाहीत. त्यांना एखादे वाक्यही मिळत नाही. शब्द कितीही जुने वापरले तरी अशा नाटकाला पुरे खरे कसे म्हणावे?

आमची स्वतःची चूक

आता आमच्या वाडीच्या नाटकाविषयी. २० मार्च १९२७ या दिवशी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी ओंजळीत घेतले. पोलादपूरपासून महाड ते कितीसे लांब? आमच्या वाडीतील आजे-पणजे त्या परिषदेला चालत गेल्याचे घरोघर सांगतात. तेव्हा या दिवशी वाडीत छोटे नाटक करावे असे ठरले. लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. कचेरीतून आल्यावर रात्री जागून आम्ही ते लिहिले आणि फार चांगले झाले असे समजून चाललो.

गावी तालमीला वाडीतील एक आजी रोज येऊन बसत. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण कान तीक्ष्ण. त्यांनी आणि तालमीतील मुलांनी मिळून आमच्या तीन चुका काढल्या.

पहिली अगदी साधी. आम्ही १९२७ सालातील कार्यकर्त्याच्या तोंडी ‘आपल्या रायगड जिल्ह्यातील बांधवांनो’ असे घातले होते. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ पासूनचे. परिषदेचे नावच ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ असे होते. ही चूक एका मुलाने दाखवली, एका रेघेत दुरुस्त झाली.

दुसरी चूक मोठी होती. तळ्याकडे निघालेला तरुण म्हणतो, ‘संविधानाने आम्हाला हा हक्क दिला आहे!’ या वाक्याला टाळी येणार याची आम्हास खात्री होती. पण संविधान अमलात आले २६ जानेवारी १९५० रोजी. १९२७ साली ते कोठून येणार? तेव्हा हातात काय होते? सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतलेला ठराव, आणि त्यावरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले असल्याचा केलेला ठराव. दोन्ही कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नव्हती. पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळे शुद्ध करून घेण्यात आले, प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

म्हणजे आम्ही ‘संविधान’ हा शब्द घातला आणि त्या माणसांचे धैर्यच काढून घेतले. पाठीशी संविधान असताना पाणी पिणे आणि पाठीशी काही नसताना पाणी पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही हिशेबाच्या टेबलावरचे माणूस, म्हणून त्याच भाषेत सांगतो. ‘टेन्शन’ ही आकडेमोडीतील चूक, ती खोडून सुधारता येते. ‘संविधान’ म्हणजे नावेची रक्कम जमेला टाकणे. त्याने सारा ताळेबंदच फिरतो.

जोहार

तिसरी चूक आजींनी काढली. नाटकाच्या सुरुवातीला एक म्हातारा आपल्या नातवाला घेऊन महाडच्या बाजारात मीठ घ्यायला जातो. वाटेत नातेवाईक भेटतो आणि दोघे एकमेकांना ‘जय भीम’ करतात. पुढे दुकानासमोरही म्हातारा ताठ उभा राहून मीठ मागतो.

आजी म्हणाल्या, “अरे बाळांनो, तळ्याच्या वेळी कुठला जय भीम? माझ्या लहानपणी माझा आजा जोहार घालायचा. वाण्याच्या दुकानासमोर लांब उभा राहून. आणि तो वाण्याचा पोरगा, माझ्या बापापेक्षा लहान, आजाला ‘काय रे’ म्हणायचा.”

आजींचे खरे होते. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० नंतरच्या काळात रूढ केला असे मानले जाते. आम्ही तो अभिमानाने काही वर्षे आधीच घालून टाकला होता.

वाक्य बदलायचे ठरले, तर म्हाताऱ्याचे काम करणारा कॉलेजातला मुलगा अडून बसला. म्हणाला, “काका, मी स्टेजवर जोहार म्हणणार नाही. समोर सगळा गाव बसलेला असतो. उद्या कोणी त्यावरून मला हाक मारली, मोबाइलवर काढून पसरवलं, तर तुम्ही येणार का थांबवायला?”

वाचकहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याची भीती खोटी नव्हती. ज्या शब्दातून आपण सुटलो तो पुन्हा तोंडात का घ्यायचा, असे कोणत्याही स्वाभिमानी तरुणाला वाटणारच.

आजी मात्र म्हणाल्या, “लाज तुला कशाची, बाळा? लाज घालायला लावणाऱ्याची. तू नाही म्हटलंस तर माझ्या आजानं काय सोसलं ते कळणार कसं? तो जन्मभर ताठच उभा होता असं पोरांना वाटेल. मग बाबासाहेबांनी केलं तरी काय?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. शेवटचा प्रश्नच असा होता. सुरुवातीलाच म्हातारा ताठ उभा असेल, तर तळ्यावर जाऊन काय बदलले?

त्या मुलावर आम्ही सक्ती केली नाही. म्हाताऱ्याचे काम आम्ही स्वतः घेतले. जोहार आम्ही घातला. दुकानदाराचे काम करणाऱ्याने पन्नाशीच्या आमच्याकडे न पाहता ‘काय रे’ म्हटले. तालमीत ते दोन शब्द बोलायला तो बिचारा इतका संकोचला की चार वेळा थांबला. कॉलेजातल्या मुलाने नातवाचे काम केले. शेवटच्या प्रवेशात तळ्यावरून परत आलेला नातू त्याच दुकानासमोर येतो. आता त्याने काय म्हणावे? जय भीम अजून आलेला नाही आणि जोहार तो घालणार नाही. पुष्कळ चर्चा झाली. अखेर तो फक्त मान वर करून म्हणतो, “मीठ द्या. हे पैसे.” एवढेच.

नाटकाच्या दिवशी जोहाराला मंडपात कोणी हसले नाही. शेवटच्या वाक्याला टाळीही लगेच आली नाही, थोड्या वेळाने आली. कार्यक्रम आटोपल्यावर गावातील दुसऱ्या समाजाचे एक वयस्क गृहस्थ आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “आमच्या आजोबांच्या ओटीसमोरही असंच चालायचं. आम्ही लहानपणी पाहिलंय.” त्यांनी हे स्वतःहून सांगितले. गुळगुळीत नाटकाने ते सांगितले नसते.

मंडळांना आमची सूचना

चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, वीस मार्च या दिवशी वाडीवाडीत आणि मुंबईच्या चाळीचाळींत नाटके, प्रवेश होत असतात. लिहिणाऱ्या तरुण मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे आम्हास वाटते.

१) भाषा सोपी, रोजची ठेवा. न समजणारे जुने शब्द घालून नाटक ऐतिहासिक होत नाही. ऐन वेळी एखाद्या मुलाच्या तोंडून ‘टेन्शन’ निघाले तर त्याला रागावू नका.

२) ठरावाची, कायद्याची, जिल्ह्याची, संस्थेची नावे त्या सालातील आहेत ना, हे तपासून घ्या. साल वहीत लिहून ठेवा आणि मगच वाक्य लिहा.

३) कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण कोणाला ‘मायबाप’ म्हणतो, कोण कोठे उभा राहतो, हे मात्र बदलू नका. माणसाची पायरी शब्दांतून दिसते. ती पुसली तर ती मोडणाऱ्यांचे कष्टही पुसले जातात.

४) अपमानाचा शब्द कोणाही मुलाच्या माथी सक्तीने मारू नका. मोठ्यांनी ते काम पुढे होऊन घ्यावे.

५) तालमीला घरातील म्हाताऱ्या माणसांना बोलावून बसवा. त्यांच्या आठवणी कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत, आणि ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

उमरठच्या बाजूचा तो सातवीतला तानाजी आता दहावीला असेल. त्याला कोणी भेटले तर सांगा, त्याने काही बिघडवले नव्हते. त्याच्या राजाला त्याने धीर दिला, आणि मावळ्याचे काम तेच असते. बिघडवले होते ते आम्ही, टाळ्यांच्या मोहाने, रात्री जागून, शुद्ध मराठीत. आमच्या नाटकातील म्हाताऱ्याचे काम पुढच्या वर्षी कोण करणार ते अजून ठरलेले नाही. आजी तालमीला येणार आहेत, एवढे मात्र नक्की.